दोघंही नोकरी करतो, लॅब्रेडॉरचं पिल्लू सांभाळणं जमेल का?

तुम्ही लिहिलंय की सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घर बंद असतं, मुलगी आठवीत आहे आणि तिनेच पिल्लासाठी हट्ट धरलाय. माझं स्पष्ट मत, पहिले तीन-चार महिने दिवसा कोणीतरी घरी थांबणार नसेल तर आत्ता आणू नका.

दोन महिन्यांच्या पिल्लाला शू जेमतेम दोन-तीन तास धरता येते, आणि झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच लागते. दरवेळी उचलून ठरलेल्या जागी न्यायचं आणि झाल्या झाल्या तिथेच शाबासकी नि एखादा दाणा द्यायचा, बास. घरात झाली तर ओरडू नका, नाक घासणं तर अजिबात नको, त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही, मग सोफ्यामागे जाऊन करतं. आम्ही नवराबायकोने जवळजवळ महिनाभर रात्री दोनचा आणि पाचचा अलार्म लावून पाळ्या केल्या, सकाळी ऑफिसला जाताना डोळे उघडत नसायचे. तुमच्याकडे दहा तास कोणीच नाही म्हणजे त्याला रोज चार-पाच वेळा घरातच करावी लागणार, आणि तीच सवय लागणार, त्यात त्याचा काही दोष नाही.

पण हे तरी सगळेच सांगतात. आमचं चुकलं ते दुसरीकडेच. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, मग दर तीन-चार आठवड्यांनी साधारण १६ आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. तोपर्यंत खाली नेऊ नका, पार्वो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होईल, असं आम्हाला सांगितलं होतं आणि ते खरंच आहे, पार्वोने पिल्लू चार दिवसांत जाऊ शकतं आणि तो विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. आम्ही घाबरून आमच्या कुत्र्याला, बंड्याला, चार महिने दाराबाहेरच काढलं नाही. पण पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं वय असतं साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत, त्या दिवसांत जे दिसलं-ऐकलं ते त्याला आपलं वाटतं, नंतर नवीन दिसेल त्याची धास्ती बसू शकते. बंड्या आता चार वर्षांचा आहे आणि अजून हेल्मेट घातलेला माणूस आणि उघडलेली छत्री बघून थरथरतो, विचार करा पावसाळ्यात रोज काय होत असेल. दोन वर्षं झाली, आम्ही लांबून छत्री दाखवतो, चिकनचा तुकडा देतो, एक पाऊल जवळ जातो, असं चाललंय. आता मिटलेली छत्री चालते त्याला. आणि तेव्हा करायचं काय होतं तर फक्त कडेवर घेऊन फिरवायचं, जमिनीवर ठेवायचं नाही! रिक्षा, कचऱ्याची गाडी, शाळा सुटल्यावरची पोरं, ढोलाचा आवाज, सगळं कडेवरून, रोज पंधरा मिनिटं. आठवलं की अजून जीव हळहळतो.

चावण्याचं म्हणाल तर चार ते सहा महिन्यांत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात, ओलं फडकं पिळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि ते चावायला द्या, चपला वर उचला. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतं त्यांना.

मुलीचंही बघा. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो, ती कॉलेजला बाहेरगावी जाईल तेव्हा तो चार-पाच वर्षांचा असेल आणि सकाळी सहाला खाली तुम्हीच जाणार आहात. ते मनापासून मान्य असेल तरच. नाहीतर दोन-तीन वर्षांचा, शू-शीची सवय लागलेला देशी कुत्रा दत्तक घ्या, तोही घरात हळूहळू सवय लावून एकटा राहायला शिकतो, फक्त दुपारी एकदा बाहेर नेणारं कोणीतरी हवं.

पिल्लूच हवं असेल तर दोघांपैकी कोणाला किती रजा, किती वर्क फ्रॉम होम मिळतंय ते आधी कागदावर मांडा. आणि ४५ दिवसांचं पिल्लू घेऊ नका, कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांबाबतच्या २०१७ च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत विकताच येत नाही, तरी सर्रास विकतात. बघायला जाल तेव्हा पिल्लाची आई दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर तिथूनच परत या.