आईला वैरणीहून यायला उशीर झाला की

"मॅडम, पोरगा धडधाकट परत आला, पण घरात बोलतच नाही. एक चांगलं स्थळ आलंय. लग्न झालं की येईल ना ताळ्यावर?"

कराडजवळच्या एका गावातून आलेल्या माउलीनं खुर्चीत बसायच्या आधीच हे विचारलं. सातारा जिल्ह्यातल्या कित्येक घरांतला माणूस फौजेत, त्यामुळे असा प्रश्न घेऊन बऱ्याच आया समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात. म्हणून हा एक अनुभव सांगते. मुलाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा पंचविशीतला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला वर्षभर राहून आलेला, आता दोन महिन्यांच्या सुट्टीवर. रात्री अंगणात येरझाऱ्या घालतो, पारावर मित्रांत जात नाही, काही विचारलं की "सगळं ठीक आहे" एवढंच. हे सगळं सांगून उठताना आई म्हणाली, "आणि मला वैरणीहून यायला जरा उशीर झाला की रस्त्यावर येऊन उभा राहतो. परवा तर चारचौघांत ओरडला माझ्यावर. असा नव्हता हो तो." बाकी तक्रारी मी अनेकांकडून ऐकलेल्या होत्या. ही वेगळी होती, म्हणून ती वहीत लिहून घेतली.

चार दिवसांनी तो आला. ताठ बसला. पहिला प्रश्न त्याचाच, "मॅडम, हे कुठं कागदावर जाणार नाही ना?"

ही भीती समजून घ्यायला हवी. फौजेत जवानाची तब्येत 'शेप'च्या अक्षरांत मोजतात आणि त्यातलं पहिलं अक्षर मनाचं असतं. 'शेप-वन' म्हणजे पूर्ण तंदुरुस्त हा शेरा गेला, खालची वैद्यकीय श्रेणी म्हणजे कॅटेगरी लागली, की बढती आणि पुढची पोस्टिंग अडेल, पलटणीत नाव होईल, या धास्तीनं मुलं तोंड मिटून घेतात. माझ्याकडचं बोलणं माझ्याकडेच राहील, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तरच मी पुढे कुणाशी बोलेन, हे त्याला स्पष्ट सांगितलं. मग तो थोडा सैलावला. "मला अरे-तुरे करा," म्हणाला.

तिकडे काय घडलं, हे मी विचारलं नाही. बेळगावबद्दल विचारलं.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधल्या ट्रेनिंगबद्दल तो भरभरून बोलला. पहाटेची शिट्टी, पीटी, उस्तादांचा रगडा, एकाच्या चुकीसाठी अख्ख्या सेक्शननं मारलेले फ्रंट रोल, पाठीवर पिठ्ठू घेऊन पळताना फुटलेले पाय. पहिले काही आठवडे रात्री पांघरुणात रडलो, हेही त्यानं सांगितलं. कसम परेडला वडील आले होते. मला त्यातून एक गोष्ट दिसत होती. गोळीचा आवाज आला की पुढे जायचं, हे या मुलाच्या अंगात मुरवलेलं होतं. मिशनला जाण्याआधी दिल्लीत दुसरी तयारी झाली. बंदूक कधी उचलायची, त्याहून जास्त कधी उचलायची नाही, ते शिकवलं गेलं. पहिलं शिक्षण शरीरात खोल गेलेलं. दुसरं डोक्यात होतं, अंगवळणी पडायला वेळच मिळाला नव्हता.

दुसऱ्या भेटीत तो तिकडच्या मातीवर आला. पांढऱ्या नाईलच्या काठचं मलाकल. "मॅडम, आपल्या रानासारखीच काळी माती. उन्हाळ्यात भेगा आणि पाऊस पडला की चाक बाहेर निघत नाही." जुलै २०११ मध्ये स्वतंत्र झालेला हा देश डिसेंबर २०१३ मध्ये यादवीत सापडला. जीव वाचवायला लोक शांतिसेनेच्या तळांवर धावले आणि कुंपणाच्या आत हजारोंची वस्ती उभी राहिली. या मुलाची ड्यूटी तशाच एका वस्तीच्या गेटवर होती. पलटणीचे जनावरांचे डॉक्टर गावात कॅम्प घ्यायचे तेव्हा हा हौसेनं मदतीला जायचा. तिकडच्या गाईंची शिंगं हातभर उंच. आपल्या खिलारांची आठवण यायची, असं सांगताना तो पहिल्यांदा हसला.

तिसऱ्या भेटीत तो बराच वेळ गप्प बसला आणि मग बोलला.

वस्तीतल्या बायका सरपणाला कुंपणाबाहेर जायच्या. बाहेर धोका आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण चूल पेटायला हवी. एक बाई रोज गेटवरून जायची, तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा याला सलाम ठोकायचा. एके दिवशी ती मुलाला आत ठेवून गेली. दुपारनंतर ढगफुटीसारखा पाऊस झाला. बाकीच्या बायका मोळ्या टाकून पळत परतल्या, ती आली नाही. यानं वर कळवलं. गाडी काढली, ती चिखलात रुतली. याला पोस्ट सोडता येत नव्हती. अंधार पडेपर्यंत ते पोर गेटशी बसून होतं. सकाळी गस्त गेली, पण गस्तीला काही सापडलं नाही.

"मी फक्त उभा होतो," एवढंच तो म्हणाला.

वहीतलं आईचं वाक्य मी उघडून पाहिलं. डोक्यावर भारा घेतलेली बाई, मावळतीची वेळ, आणि रस्त्यावर उभा असलेला तो. ते त्याला वाचून दाखवलं. त्यानं तोंड ओंजळीत झाकलं.

भीतीनं झालेली जखम वेगळी आणि ही वेगळी. इथे माणूस स्वतःच्या नजरेत उतरलेला असतो. अशा वेळी घरचे "तुझी काय चूक?" म्हणतात ते प्रेमानंच, पण त्यानं दार बंद होतं, कारण चूक नव्हती हे त्यालाही कळत असतं. आम्ही तो दिवस तासातासानं पुन्हा मांडला. कुठल्या क्षणी त्याच्या हातात काय होतं, काय नव्हतं, पोस्ट सोडली असती तर गेटमागच्या हजारोंचं काय झालं असतं. तीन भेटी यातच गेल्या. दुःख तसंच राहिलं, मात्र "मी काहीच केलं नाही" याच्या जागी "मी कळवलं होतं, गाडी निघाली होती" हे त्याच्या तोंडून आलं.

आईला मी दोनच गोष्टी सांगितल्या. तिकडचं खोदून विचारू नका. आणि वैरणीला जाताना परतायची वेळ सांगून जा, जमलं तर त्यालाच सोबत न्या. विळा हातात असताना, समोरासमोर न बसता, ही मुलं जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे.

लग्नाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे, आणि ते त्यांना आवडलं नाही. लग्न हा उपचार नव्हे. जी मुलगी घरात येईल, तिच्यावर एका अनोळखी माणसाच्या न सांगितलेल्या दुःखाचं ओझं टाकायचा कुणाला हक्क नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर परतल्यावर काही दिवस झोप उडणं, चिडचिड होणं स्वाभाविक आहे, थोडा अवकाश द्या. महिना उलटूनही तेच चालू असेल, दारू वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवाच. जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलणं निघालं तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. आणि लागलेली कॅटेगरी तात्पुरतीही असते, हे मुलांना आवर्जून सांगा.

त्याला झोपेसाठी औषधाची गरज मला दिसत होती. तसं सांगितल्यावर सुट्टी संपून पलटणीत गेल्यावर तो स्वतःहून एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात गेला. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात आईचा फोन आला होता. "काल मुद्दाम नाही हो, पण सातच वाजले मला. होता उभा रस्त्यावर. ओरडला नाही. माझ्या डोक्यावरचा भारा घेतला आणि म्हणाला, चल." मग जरा थांबून म्हणाल्या, "स्थळवाल्यांना मी निरोप दिलाय. म्हटलं, पुढच्या सुट्टीत तोच काय ते सांगेल."