सर्वाधिक गुण मिळवणारे पंचवीस जण लिहिले की झाला का संघ?

हिवाळी ऑलिंपिकसाठी कॅनडाचा आइस हॉकी संघ जाहीर होण्याआधी ओळखायचा कसा, आणि नॅशनल हॉकी लीगमधले (अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग) सर्वाधिक गुणांचे, म्हणजे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून सर्वाधिक असलेले कॅनडाचे खेळाडू वरून खाली मोजत गेलं तर यादी जुळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही जुळणार. त्यावर मित्रांशी पैज लावली असेल तर आजच मोडा.

२०१२-१३ च्या मोसमात नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मार्टिन सँ लुईचे होते. २०१४ च्या जानेवारीत सोची ऑलिंपिकची यादी आली आणि त्यात हाच माणूस नव्हता. यादी करणाऱ्यांचा प्रमुख कोण? स्टीव्ह आयझरमन. सँ लुईच्याच टँपा बे क्लबचा जनरल मॅनेजर! म्हणजे जो त्याला रोज बघत होता त्यानेच वगळलं. पुढे स्टीव्हन स्टॅमकोसचा मोडलेला पाय वेळेत बरा झाला नाही म्हणून सँ लुईला बोलावणं गेलं. तो गेला, सुवर्णपदक घेऊन आला आणि मार्चमध्ये टँपा सोडून न्यूयॉर्क रेंजर्सकडे निघून गेला. का गेला ते मला विचारा.

मी नांदेडचा. आमच्याकडे बर्फ रसवंतीवर दिसतो, पण हॉकी मात्र आहे. खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड-सिल्व्हर कपला देशभरातले संघ येतात, ते बघतच आम्ही पोरं स्टिक धरायला शिकलो. मी गोलकीपर झालो, कारण कोणी तयार नव्हतं. क्लबात आम्ही दोघं कीपर होतो. पहिला माझ्यापेक्षा चांगला होता, त्यात वाद नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. सिकंदराबादला स्पर्धा होती, सोळा जण न्यायचे होते. भिंतीला यादी चिकटवली त्यात माझं नाव नव्हतं. माझ्या जागी सहावा फॉरवर्ड घेतला होता. पोरगा चांगलाच होता, सरांचा नातेवाईक वगैरे काही नव्हता, लोक उगाच काहीबाही बोलतात. मी सरांना विचारलं तर म्हणाले, “अरे बाबा, दुसरा कीपर नेणं म्हणजे एक माणूस फुकट फिरायला नेणं. तू खेळणार कधी?” वर म्हणाले, “तुझे पॅड मात्र दे. त्याचे फाटलेत.”

दिले. वडिलांनी हप्त्याने घेऊन दिलेले पॅड होते. पॅड सिकंदराबादला गेले आणि मी स्टेशनवर पोरांना पोचवून सायकलवर घरी आलो.

तिसऱ्या मॅचमध्ये आमचा कीपर पेनल्टी कॉर्नरला पुढे धावला आणि त्याचा घोटा मुरगळला. उठताच येईना. मग आमच्या फुलबॅकला, म्हणजे बचावातल्या पोराला, पॅड बांधले. माझे. त्या बिचाऱ्याने आयुष्यात कधी किकर (कीपरचे बुटांवरचे जाड आवरण) घातले नव्हते, डाव्या पायाचा उजव्यात घातला म्हणे. पाच गोल खाल्ले. रात्री एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या घरी फोन आला तेव्हा मला आधी हसू आलं, मग झोप आली नाही. पॅड परत आले ते एक पट्टा तुटून. आणि सहावा फॉरवर्ड? अख्ख्या स्पर्धेत शेवटची काही मिनिटं.

सर आजही गुरुपुरबच्या स्पर्धेला मैदानावर येतात, आणि चहा घेता घेता आमचं तेच भांडण पुन्हा सुरू होतं. ते म्हणतात, कीपर असता तरी हरलोच असतो. असू द्या. पण त्या दिवसापासून मी कुठलीही यादी बघताना एकच शोधतो, की यादी करणाऱ्याला भीती कशाची आहे. सरांना गोल न होण्याची भीती होती, म्हणून फॉरवर्ड वाढला.

कॅनडालाही हेच लावून बघा. १९९८ ला नागानोसाठी त्यांनी मार्क मेसिएसारखा दिग्गज माणूस घरी ठेवला आणि रॉब झॅम्युनरला नेलं. तिकडेही लोकांनी विचारलं, हा कोण? समोरच्याचे मोठे खेळाडू रोखायला, आपला माणूस शिक्षेने बाहेर बसलेला असताना किल्ला लढवायला असा खेळाडू हवा, ही ती भीती. (पदक काही मिळालं नाही. उपांत्य सामन्यात शूटआउटला चेक गोलकीपर डोमिनिक हाशेकने पाचही फटके अडवले आणि कॅनडाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्स्की बाकावर बसून बघत राहिला. त्यावर वेगळं उत्तर लिहावं लागेल.) सोचीला क्रिस क्युनिट्झला नेलं, कारण तो पिट्सबर्ग क्लबात कॅनडाचा कर्णधार सिडनी क्रॉस्बी याच्या बाजूला खेळायचा. नवख्या जोडीदाराबरोबर क्रॉस्बीचा सूर हरवेल ही धास्ती. अंतिम सामन्यात स्वीडनविरुद्धचा तिसरा गोल या क्युनिट्झचाच.

आपल्या हॉकीवाल्यांना एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. आपल्या स्टिकची सपाट बाजू डावीकडेच, डावखुऱ्याची स्टिक नियमातच नाही. आइस हॉकीत मात्र डाव्या आणि उजव्या हाताचे बचावपटू वेगवेगळे मोजतात. सोचीच्या आठ बचावपटूंत चार डावे, चार उजवे होते. शिवाय तिथलं मैदान लीगच्या मैदानापेक्षा सुमारे चार मीटर रुंद, म्हणजे पाय चालणारे हवेत. तरी पी. के. सुबान, आदल्याच वर्षीचा लीगचा सर्वोत्तम बचावपटू, एकच सामना खेळला. तेव्हा बचावपटू लिहिताना आधी हात बघा, मग नाव.

आता गोलकीपर. पंचवीसच्या यादीत तीन कीपर असतात. तीन! सामन्यासाठी गणवेश घालून दोघं तयार, तिसरा वर प्रेक्षकांत. सोचीला केरी प्राइस पाच सामने खेळला, रोबेर्तो लुओंगो एक, आणि माइक स्मिथ एक मिनिटही न खेळता सुवर्णपदक घेऊन घरी गेला. कोणी त्याला फुकट फिरायला आला म्हटलं नाही. आणि दोघंही जायबंदी झाले तर काय होतं तेही बघा. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत लीगमधल्या कॅरोलायना क्लबाचे दोन्ही कीपर पडले, तेव्हा डेव्हिड एअर्स नावाच्या ४२ वर्षांच्या माणसाला उतरवलं. बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवलेला माणूस. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकली. कारण तो नुसता ड्रायव्हर नव्हता, सराव असलेला कीपर होता. फुलबॅक नव्हता, सर.

सर यावर पॅरिस ऑलिंपिक काढतात. २०२४ ला आपल्या सोळांत श्रीजेश एकटाच कीपर होता. अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, म्हणून पुढच्या उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध पंधराच उरले. “दुसरा कीपर नेला असता तर मैदानात खेळणारे तेराच राहिले असते,” म्हणतात. हिशेब बरोबर आहे. पण दुसरा कीपर कृष्ण पाठक राखीव म्हणून पॅरिसमध्ये होता. मी नांदेडात होतो.

पैजेपुरतं सांगतो. गुणतक्त्यातले कॅनडाचे पहिले आठ-दहा लिहा, ते कोणीही लिहील; त्यात एखादा सँ लुई निघायचाच. पैज तळातल्या सहा-सात नावांवर जिंकली जाते. तिथे प्रशिक्षकाने आधी क्लबात सांभाळलेले, क्रॉस्बीसारख्याच्या बाजूला खेळणारे आणि निमूट बसून राहणारे बघा. तिसरा कीपर या निमूट बसण्यावरच निवडला जातो, असं माझं मत आहे.

एक राहिलंच. हे सगळं लीगचे खेळाडू येतात त्या ऑलिंपिकचं. २०१८ आणि २०२२ ला ते आलेच नव्हते, त्या याद्या वेगळ्याच. मे महिन्यातल्या जागतिक स्पर्धेला तर ज्यांचे क्लब प्लेऑफमधून (लीगच्या शेवटच्या बाद फेऱ्यांतून) बाहेर पडलेत तेच मोकळे असतात, तिथे आधी प्लेऑफचा तक्ता बघायचा, मग बाकीचं. आणि यादी आल्यावरही एक-दोन नावं दुखापतीने बदलतात, तेव्हा पैज कोणत्या तारखेच्या यादीवर आहे ते मित्रांशी आधी पक्कं करून घ्या.