दोन अंगरखे आणि एक मुदत ठेव

म्हापशाजवळ राहणाऱ्या एका निवृत्त वाचकांनी विचारले आहे: शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा गवंडी परांचीवरून पडून पाय मोडून बसला आहे. घरात बायको आणि दोन शाळकरी मुले आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी खासगी रुग्णालयाने १,९०,००० रुपये सांगितले असून भाडे आणि घरखर्च धरून गरज ३ लाखांची आहे. नाताळच्या तयारीचा आगमनकाळ चालू असल्याने नाताळपूर्वी ३ लाखांची मुदत ठेव मोडून ही रक्कम गुपचूप द्यावी, पत्नीलाही सांगू नये, असे त्यांच्या मनात आहे. निवृत्तिवेतन २८,००० रुपये, खर्च २४,००० रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६ लाख आहेत व त्यांचे व्याज तसेच साठत राहते.

तुम्ही पत्रात लूकच्या शुभवर्तमानातील बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे वचन लिहिले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने नसलेल्याला एक द्यावा, असे तो म्हणतो. तुमच्या कागदांत मला दुसरा अंगरखा दिसतो, पण तो ही ठेव नव्हे.

ठेव मोडण्यातले नुकसान तसे किरकोळ आहे. तीन वर्षांची ठेव १४ महिन्यांनी मोडली, तर बँक ७ टक्क्यांऐवजी तेवढ्याच मुदतीचा दर, समजा ६.७५ टक्के, लावून त्यातून १ टक्का दंड कापेल. म्हणजे सुमारे ४,४०० रुपये कमी मिळतील, आणि एवढ्यासाठी मी कोणाला दयेपासून परावृत्त करणार नाही. अडचण निराळीच आहे. २४,००० रुपयांच्या दराने ३ लाख म्हणजे तुम्हा दोघांचा जेमतेम वर्षभराचा खर्च, आणि पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे असल्याचे तुम्हीच लिहिता. हा तुमचा अंगावरचा अंगरखा आहे.

शिवाय तो एकट्या तुमचा नाही. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर संपत्ती पतिपत्नींची समाईक मानली जाते आणि ठेवीचे व्याजही प्राप्तिकरासाठी दोघांत अर्धे-अर्धे विभागले जाते. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, हे मत्तयाचे वचन लोकांपुढे मिरवणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचे अर्धे पैसे आहेत त्यांच्यापासून लपवण्यासाठी ते वापरणे मला पटत नाही. आधी त्यांच्याशी बोला. कदाचित त्या तुमच्यापेक्षा उदार निघतील. माझ्या टेबलासमोर हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता शस्त्रक्रियेचे. ते कुटुंब पाच वर्षांहून अधिक काळ गोव्यात राहत असेल, तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का, हे प्रथम विचारा. चौघांच्या कुटुंबाला तीत वर्षाला ४ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. कार्ड नसेल तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवून मगच खासगी रुग्णालयाचा आकडा मनावर घ्या. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देणे ठेकेदाराला कायद्याने बंधनकारक आहे, हेही विसरू नका. तुमच्या दानाने त्याची सुटका व्हावी, असे तुम्हालाही वाटत नसेल. कागदपत्रांसाठी गवंड्याबरोबर दोन-तीन सकाळी रांगेत उभे राहणे हे, माझ्या मते, तुमच्या ३ लाखांइतकेच मोलाचे काम आहे.

उरते भाडे आणि घरखर्च. बचत योजनेच्या ६ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १२,३०० रुपये येतात आणि पुढचा हप्ता जानेवारीच्या आरंभीच जमा होईल. हा तुमचा दुसरा अंगरखा. जानेवारी, एप्रिल आणि जुलैचे तीन हप्ते म्हणजे ३६,९०० रुपये. डिसेंबर ते जून दरमहा शिल्लक राहणारे ४,००० रुपये म्हणजे २८,०००. आणि नाताळसाठी बाजूला ठेवलेल्या ३५,००० रुपयांतून घराची रंगरंगोटी या वर्षी टाळली तर आणखी १५,०००. मिळून जवळपास ८०,००० रुपये होतात, ठेवीला हात न लावता. सहा हजारांच्या भाड्याचे सहा महिने यात निघतात आणि शाळा व किराण्यासाठी चव्वेचाळीस हजारांच्या आसपास उरतात. गवंडी जूनपूर्वी कामाला लागला, तर जुलैचा हप्ता मोकळा राहील.

करसवलतीचा विचार सोडून द्या. व्यक्तीला थेट दिलेल्या मदतीवर दानासाठीची प्राप्तिकर सवलत लागू होत नाही. उसने म्हणूनही देऊ नका, कारण फेडण्याची ताकद नसलेल्याला दिलेले उसने शेजारधर्म बिघडवते.

भाडे घरमालकाच्या खात्यावर परस्पर भरा. नाताळला नेवऱ्या आणि दोदोल या गोड पदार्थांचे ताट त्या खोलीत पाठवाल, तेव्हा त्यात पाकीट ठेवू नका, म्हणजे ताट परत करताना गवंड्याच्या बायकोलाही त्यात आपल्या घरचे काहीतरी घालून पाठवता येईल.