डब्यातलं पीठ पुरावा होत नाही

इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचं पत्र आहे. नऊ वर्षांच्या मुलीला गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार, सिलिअ‍ॅक. चार महिन्यांपूर्वी सियागंजातून 'ग्लुटेन फ्री' छापलेलं ज्वारीचं पीठ आणलं, महिनाभर त्याच्या भाकऱ्या दिल्या, मुलीचं पोट पुन्हा बिघडलं. खासगी लॅबच्या अहवालात पिठात किलोमागे ६४ मिलिग्रॅम ग्लुटेन निघालं. कंपनी म्हणते, 'याच युनिटमध्ये गहू दळला जातो' असं पाकिटामागे छापलंय, आमची जबाबदारी संपली. तीन महिने ईमेल चाललेत. तक्रार टिकेल का? बांधणी हिंग, ओट्स, उपासाची पिठं, नावं बदलून हाच प्रश्न मला नेहमी येतो.

ताई, कंपनीचं उत्तर तुम्हाला वाटतं तेवढं वजनदार नाही. आपल्याकडच्या नियमांत 'ग्लुटेन फ्री' म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. मिसळ होण्याचा संभव असेल तर 'मे कंटेन' (म्हणजे 'यात अमुक असू शकतं') छापायची सोय २०२० च्या लेबलिंग नियमांत आहे, पण ती ग्राहकाला सावध करण्यासाठी. पुढे ठळक अक्षरांत दिलेला शब्द मागे बारीक अक्षरांत परत घ्यायला नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८४ सांगतं की स्पष्ट हमी देऊन माल तसा निघाला नाही, तर 'आम्ही निष्काळजी नव्हतो' हे सिद्ध करूनही उत्पादक सुटत नाही. वाद होईलच, पण इथे मला तुमची बाजू जड दिसते.

घोडं अडतं ते दुसरीकडे. पीठ तुम्ही डब्यात ओतलंत, पाकीट कचरागाडीत टाकलंत आणि डब्यातलंच पीठ लॅबला पाठवलंत. कंपनीचा वकील काय विचारेल ते आत्ताच ऐका: घरात बाकीच्यांसाठी पोळ्या होतात ना? पोळपाट एकच ना? या डब्यात आधी कणीक होती का? खरी उत्तरं दिलीत की ते ६४ मिलिग्रॅम कारखान्यातून आले की तुमच्या ओट्यावरून, हे कुणालाच सांगता येणार नाही. फ्रीजचं वॉरंटी कार्ड आपण दहा वर्षं जपतो. ज्या पाकिटावर मुलीची तब्येत अवलंबून आहे ते आठवडाभरही ठेवत नाही, याला काय म्हणावं?

सगळं प्रकरण ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम ३८ वर येऊन ठरतं. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक आयोग तक्रारदाराकडून नमुना घेतो, सील करतो आणि प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणीचा खर्च आधी तक्रारदारानेच भरायचा असतो. म्हणजे नमुना तुमच्याकडे हवा. न उघडलेला, त्याच बॅचचा. तुम्ही पाकिटाचा फोटो काढला होता आणि त्यात बॅच नंबर वाचता येतो, एवढं एक बरं झालं. त्याच फोटोप्रमाणे मुदत महिनाभरात संपते. मुदत उलटली म्हणून ग्लुटेन उडून जात नाही, पण हरकत घ्यायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं, आणि तोवर दुकानांतून ती बॅच गेलेलीही असेल. तेव्हा या आठवड्यात तेवढं एकच काम करा. ती बॅच मिळाली तर तीन पाकिटं घ्या. नाही मिळाली तर दुसऱ्या बॅचची घ्या. त्यातून मुलीच्या आजाराशी संबंध जुळणं कठीण, पण लेबल खोटं आहे एवढं दाखवता येईल.

घेताना एक अट पाळा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली साध्या ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, माल नियमाबाहेर निघाला तर फी परतही मिळते. मात्र 'मी हे तपासून घेणार आहे' असं विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच सांगावं लागतं. घरी येऊन मग आठवलं तर उपयोग नाही. दोन ओळींची चिठ्ठी द्या, तिच्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. चिठ्ठी हिंदीतच लिहा, सियागंजात मराठी वाचून सही कोण करणार! ग्लुटेनची चाचणी प्रत्येक प्रयोगशाळा करत नाही, तेही आधी विचारून घ्या.

बाकीचं थोडक्यात. कंपनी परराज्यातली असली तरी तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. भरपाई किती मिळेल ते आज सांगणं धाडसाचं. मुलीचा त्रास याच पिठामुळे वाढला असं डॉक्टर ठामपणे लिहून देतील का, यावर बरंच अवलंबून आहे. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार जरूर करा, पण चुकीच्या लेबलचा ३ लाखांपर्यंतचा दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती त्यातलं काही येत नाही. ग्राहक तक्रारीला मुदत २ वर्षं, अन्नसुरक्षेच्या खटल्याला साधारणपणे १. कस्टमर केअरशी ईमेल चालू आहेत म्हणून यातला एकही दिवस थांबत नाही. तपासणी लागणारी तक्रार ५ महिन्यांत निकाली काढावी असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात हे इंदूरकरांना मी सांगायला नको, म्हणून नमुना तपासणीचा अर्ज तक्रारीसोबतच जोडा.

आणि कंपनीला वकिलाची नोटीस सध्या पाठवू नका. नोटीस पोचली की ती बॅच दुकानांतून उचलली जाऊ शकते. आधी सीलबंद पाकिटं आणि बॅच नंबर लिहिलेलं बिल हातात येऊ द्या. बिलावर बॅच लिहून द्यायला दुकानदार तयार नसेल, तर दुसरं दुकान पाहा.