एवढा बंदोबस्त असताना जाहीर सभेत नेत्यांवर हल्ला होतोच कसा?

तुम्ही विचारलं आहे की झेड प्लस संरक्षण, शेकडो पोलीस, मेटल डिटेक्टर असं सगळं असताना हल्लेखोर नेत्यापर्यंत पोचतो कसा आणि त्या वेळी अंगरक्षक काय करत असतात.

मी महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ बंदोबस्तात गेला. हेलिपॅड, सभेचं मैदान, मिरवणुका, सगळीकडे पॉइंटवर उभा राहिलो आणि पुढे इतरांना पॉइंट वाटून दिले. त्या अनुभवातून सांगतो, अंगरक्षकापासून सुरुवात करू नका. तो शेवटचा माणूस. त्याच्या हाती प्रसंग येतो तेव्हा एक-दोन सेकंद उरलेले असतात. चूक त्याच्या बरीच आधी झालेली असते, आणि बहुतेकदा ती तिथे होते जिथे कुणीतरी अडवलेलं असतं, पण अडवणाऱ्याच्या पाठीशी वरचं कोणी उभं राहत नाही.

तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरचंच बघा, जिथे राजीव गांधींची हत्या झाली. 21 मे 1991, लोकसभेच्या प्रचाराचा काळ. राजीव गांधी विशाखापट्टणमहून विमानाने मद्रासला आले. विमानात बिघाड झाल्यामुळे निघायलाच उशीर झाला होता. मद्रासहून सुमारे 40 किलोमीटरवरच्या सभेच्या जागी ते पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. बंदोबस्त केलेल्या कुणालाही विचारा, उशीर म्हणजे काय ते. माणसं दुपारपासून उभी असतात, गर्दी कंटाळून पुढे सरकते, कार्यकर्ते बॅरिकेडच्या आत-बाहेर करू लागतात. संध्याकाळी ज्याला परत पाठवलेलं असतं, तो रात्री दहाला सहज आत दिसतो.

राजीव गांधींचं स्वागत कोण करणार याची यादी होती. आत्मघाती हल्ला करायला आलेल्या धनूचं नाव त्यात नव्हतं. हातात चंदनाचा हार घेऊन ती रांगेत शिरली होती. पत्रकार म्हणून वावरणारा तिचा साथीदार शिवरासन जवळच होता, आणि फोटो काढायला आणलेला हरिबाबूही. अनुसूया नावाच्या महिला उपनिरीक्षकाने धनूला अडवलं, मागे सारलं. ते राजीव गांधींनी पाहिलं आणि येऊ द्या, सगळ्यांना संधी मिळू द्या, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. अनुसूया बाजूला झाल्या. धनू पाया पडायला वाकली आणि कमरेच्या पट्ट्यातला बॉम्ब उडाला. राजीव गांधींबरोबर डझनाहून जास्त माणसं गेली. त्यांत त्यांचे वैयक्तिक सुरक्षा अधिकारी प्रदीप गुप्ता होते, बंदोबस्तावरचे पोलीस होते. अनुसूया गंभीर जखमी होऊनही वाचल्या. हरिबाबू त्या स्फोटात मेला, त्याचा कॅमेरा मात्र शाबूत राहिला आणि त्यातल्या फोटोंवरूनच सीबीआयच्या विशेष पथकाला धागा मिळाला.

मला या घटनेतली सर्वात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: त्या रात्री यंत्रणेने आपलं काम एकदा केलं होतं. नेमक्या बाईला नेमक्या जागी अडवलं गेलं होतं. पण एका उपनिरीक्षकाने माजी पंतप्रधानांचं म्हणणं मोडून त्यांच्या डोळ्यांदेखत कुणाला ढकलून द्यावं, अशी अपेक्षा आपण कुठल्या अधिकारावर करायची? तसा अधिकार तिला कुणी दिलाच नव्हता.

मारेकऱ्यांनी रंगीत तालीमसुद्धा केली होती. 7 मे रोजी मद्रासमध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांची सभा झाली. तिथे जाऊन हार घालायच्या निमित्ताने नेत्याच्या किती जवळ जाता येतं, हे त्यांनी पाहून घेतलं. दोन आठवड्यांनी तेच केलं.

आता थोडं मागचं. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1985 मध्ये विशेष सुरक्षा दल, म्हणजे एसपीजी, उभं राहिलं आणि 1988 मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब होतं, माजी पंतप्रधान नव्हते. 1989 च्या डिसेंबरमध्ये राजीव गांधींची सत्ता गेली, पुढे एसपीजीही काढून घेण्यात आलं. धोका काही खुर्चीबरोबर गेला नव्हता. 2 ऑक्टोबर 1986 ला राजघाटावर झुडपात लपलेल्या माणसाने त्यांच्यावर गोळी झाडली होती. 1987 मध्ये कोलंबोत मानवंदना घेताना एका नौसैनिकाने बंदूक उलटी धरून त्यांच्यावर घाव घातला होता. एवढं होऊनही त्यांच्या संरक्षणाची तितकीच भक्कम पर्यायी व्यवस्था झाली नाही. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने सुरक्षेतल्या त्रुटींची चौकशी केली तेव्हा केंद्र सरकार, गुप्तचर विभाग, राज्याचे पोलीस आणि पक्षाचे आयोजक, सगळ्यांवर ठपका आला. कायद्यात दुरुस्ती होऊन माजी पंतप्रधानांना एसपीजी मिळालं, तेही हत्येनंतर.

राजीव गांधींनाही मी पूर्ण दोष देत नाही. आधीच्या निवडणुकीत ते सुरक्षेच्या कड्यात अडकले, लोकांपासून तुटले, अशी टीका झाली होती. 1991 च्या प्रचारात ते मुद्दाम माणसांत मिसळत होते. निवडणूक लढवणाऱ्या माणसाला हात मिळवावाच लागतो. म्हणूनच अडवण्याचा निर्णय त्या माणसाच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

आपल्याकडे काय होतं तेही सांगतो. व्यासपीठासमोर बॅरिकेड लावून मोकळी जागा सोडतो, तिला आम्ही 'डी' म्हणतो. हेलिपॅडवर आणि व्यासपीठावर कोण येणार याची यादी आदल्या दिवशी मागवतो, नावं तपासतो, पास देतो. बॉम्बशोधक पथक कुत्रा घेऊन मैदान फिरून जातं. इथपर्यंत सगळं शिस्तीत चालतं. मग हेलिकॉप्टरचा आवाज येतो आणि तालुक्याचे पदाधिकारी आठ-दहा जणांना घेऊन गेटवर हजर होतात. "साहेब, आपलीच माणसं आहेत, सोडा." गेटवरच्या हवालदाराने अडवलं तर फोन फिरतो. त्या हवालदाराला माहीत असतं की न सोडल्याची तक्रार आजच रात्री होणार, आणि सोडल्यावर शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीच होणार नाही. त्याच्या साहेबालाही नियंत्रण कक्षातली बदली डोळ्यांसमोर दिसत असते. मी अशा गेटवर उभा राहिलेलो आहे. त्या वेळी मागून "मी जबाबदारी घेतो, सोडू नको" असं म्हणणारा अधिकारी असला की पायांत बळ येतं. असे अधिकारी मला लाभले, पण प्रत्येक गेटवर नाही.

दुसरा प्रकार ठरावीकपणाचा. 8 जुलै 2022 ला जपानमध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे स्टेशनबाहेर भाषण करत होते. दौरा आदल्या दिवशी ठरला. त्याच जागी काही दिवसांपूर्वी दुसऱ्या नेत्याचं भाषण निर्विघ्न झालं होतं, म्हणून जवळपास तीच आखणी पुन्हा वापरली गेली. आबेंच्या पाठीमागे वाहता रस्ता होता आणि तिकडे नीट लक्ष ठेवणारं कोणी नव्हतं. हल्लेखोर त्या बाजूने घरी बनवलेली बंदूक घेऊन चालत आला. पहिला बार चुकला. दुसरा सुमारे अडीच सेकंदांनी झाला आणि त्यात आबे गेले. या अडीच सेकंदांत त्यांना खाली पाडून झाकता आलं असतं, पण आवाज कसला आहे हेच लोकांना कळलं नाही. राजघाटावरही असंच झालं होतं. पहिली गोळी म्हणजे स्कूटरचा आवाज वाटला, आणि हल्लेखोराने नंतर पुन्हा गोळ्या झाडल्या. गोळीचा आवाज ओळखून अंग आपोआप हलावं, ही गोष्ट सरावाशिवाय येत नाही, आणि आपल्याकडे हा सराव सर्वात आधी रद्द होतो कारण मनुष्यबळ दुसऱ्या बंदोबस्ताला गेलेलं असतं.

जपानने पुढे एक चांगलं केलं. राष्ट्रीय पोलीस संस्थेने दीड-दोन महिन्यांत अहवाल काढून मागची बाजू मोकळी राहिल्याचं उघड मान्य केलं, तिच्या प्रमुखांनी आणि नाराच्या पोलीसप्रमुखांनी राजीनामा दिला, आणि अशा आखण्या वरून तपासण्याची पद्धत सुरू केली.

13 जुलै 2024 ला अमेरिकेत बटलर इथे ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला तो तर सुमारे 400 फुटांवरच्या छतावरून. संशयित माणूस सुमारे तासभर आधी स्थानिक पोलिसांच्या नजरेत आला होता. पण स्थानिक पोलीस आणि नेत्यांचं संरक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस यांच्या नियंत्रण खोल्या वेगळ्या, वायरलेस वेगळे. छत बघायचं कुणी, हे प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलेलं. सभेला आलेला एक माणूस त्यात मारला गेला.

उपाय विचारलात, तर मी पैसा गाड्या आणि बंदुकांवर घालण्याआधी एक गोष्ट लेखी करून घेईन: यादीत नाव नसलेल्याला आत सोडायचा अधिकार एकाच अधिकाऱ्याला, त्याचं नाव बंदोबस्त आदेशात, आणि त्याने सोडलं तर त्याची नोंद. नेत्याच्या तोंडी सांगण्यावरून ती यादी बदलणार नाही, हे नेत्याला दौऱ्याआधीच त्याच्या कार्यालयाकडून कळवलेलं असावं.

आणि तुम्ही स्वतः सभा भरवणाऱ्यांपैकी असाल तर स्वागताची यादी आदल्या दिवशी दुपारपर्यंत ठाण्यात द्या, प्रत्येक नावापुढे मोबाईल नंबर लिहा, आणि तुमच्यातला सगळ्यांना चेहऱ्याने ओळखणारा एक जण गेटवर पोलिसाशेजारी शेवटपर्यंत उभा ठेवा. पोलिसाला गावातले चेहरे माहीत नसतात, तुमच्या माणसाला असतात.