मुलगा इंजिन इथेनॉलवर चालवायचं म्हणतो, पैसे द्यावेत का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमची माढा तालुक्यात ऊसशेती आहे. मुलगा सोलापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत होटगी रोडवरच्या एका गॅरेजात काम करतो. आता त्याला जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची आहे आणि तिचं १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण इथेनॉलवर चालवायचं आहे. गाडी आणि काम मिळून चार लाख मागतोय. "ऊस आपला, कारखाना आपला, मग इंधन बाहेरचं कशाला?" असं त्याचं म्हणणं. तुम्हाला वाटतं, त्यानं ओळखीनं कारखान्यात लागावं. हे खूळ आहे की यात पोट भरेल, असं तुम्ही विचारलंत.

गाडीसाठी पैसे देऊ नका. पण या विषयातून त्याला बाहेरही ओढू नका, कारण पोराची कल्पना तांत्रिकदृष्ट्या पक्की आहे.

टर्बो इंजिनाचा खरा वैरी म्हणजे नॉकिंग. ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपसूक भडकतं आणि पिस्टनवर हातोडे पडायला लागतात. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे नॉकिंग रोखण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच वर, १०८च्या आसपास आहे. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. नॉकिंग लांब गेलं की बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवता येतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढं घेता येतं. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची सीसीएक्स पेट्रोलवर ८०६ हॉर्सपॉवर द्यायची. तिचीच सीसीएक्सआर ८५ टक्के इथेनॉलच्या ई८५ इंधनावर १,०१८पर्यंत गेली. अमेरिकेतली इंडीकार शर्यत २००७मध्ये इथेनॉलवर आली. ब्राझीलमध्ये तर १९७९ साली फियाट १४७ ही साधी कौटुंबिक गाडी निव्वळ इथेनॉलवर विकायला निघाली होती, आणि तिथलाही कच्चा माल ऊसच. त्यामुळे मुलगा आपल्या शिवारातून जगाकडे बघतोय, तर बघू द्या.

अडचण पुढं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि ऊर्जा कमी. पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला दीडपटीहून जास्त इंधन ओतावं लागतं. मूळ इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) आणि पंप तिथं अपुरे पडतात. बूस्ट वाढवला आणि इंधन कमी पडलं तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी, आणि पिस्टन वितळू शकतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, काही रबरी सील फुगवतं, ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या भागांना गंज लावतं. ऑइलही लवकर बदलावं लागतं. डिसेंबरातल्या पहाटे पारा बारा-तेरा अंशांच्या खाली गेला की शुद्ध इथेनॉलची पुरेशी वाफच होत नाही आणि इंजिन उठत नाही. म्हणूनच ब्राझीलच्या त्या गाड्यांना चालू करण्यापुरती पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असायची.

हे सगळं सुटतं. इंजेक्टर बदलणं गॅरेजमधला कुठलाही चांगला मिस्त्री करेल. कमतरता आहे ती पुढच्या कामाची: कुठल्या आरपीएमला, किती भाराला, किती इंधन आणि कुठल्या अंशाला ठिणगी, याचा ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकातला, तक्ता बसवणं. तुम्ही ठिबकमधून विद्राव्य खत सोडताना पिकाचं वय, जमीन आणि ऊन बघून मात्रा बदलता ना, तसंच हे. फरक इतकाच की इंजिनात ही मात्रा सेकंदाला कितीतरी वेळा बदलते. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तुमच्या मुलाचं करिअर मला इथं दिसतं.

आता एका गोष्टीवर मला ठाम बोलायचं आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंत, की डिस्टिलरीतल्या ओळखीच्या माणसाकडून तो कॅनभर स्पिरिट आणणार आहे. हे होऊ देऊ नका. डिस्टिलरीतल्या स्पिरिटच्या थेंबाथेंबावर राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर असते. कॅन पकडला तर विसाव्या वर्षी पोरावर गुन्हा, आणि त्या ओळखीच्या माणसाची नोकरी जाईल ती वेगळीच. शिवाय ते इंधन म्हणून बरोबरही नाही. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तर इंधनाचं इथेनॉल मॉलिक्युलर सीव्हमधून (पाणी शोषणाऱ्या चाळणीतून) पाणी काढून ९९.५ टक्क्यांच्या वर नेलेलं असतं. पाण्याचं स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळलं तर टाकीत दोन थर होतात. आणि इथेनॉलची ज्योत उन्हात नीट दिसत नाही. गॅरेजात पेटलं तर हात भाजल्यावर कळतं.

गाडीचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि इंधनाचा प्रकार हा त्याच तपशिलातला. विमा कंपनी अशा गाडीचा दावा सहज नाकारू शकते. त्यातून ती गाडी इतकी जुनी, की पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी, फिटनेस तपासणी, पर्यावरण कर हे सगळं तुमच्याच गळ्यात पडेल. चार लाख तिथंच मुरतील आणि मुलाच्या हाती शिकण्याजोगं थोडंच लागेल.

मग करायचं काय? डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प याच विषयावर घ्यायला सांगा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि डायनॅमोमीटर (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) असतं, त्यावर पेट्रोल आणि इथेनॉलच्या वेगवेगळ्या मिश्रणांची तुलना करता येते. इथेनॉल कॉलेजच्या नावानं, रीतसर परवानगीनं मागवायचं. तुम्ही पैसे द्या ते वाइडबँड लॅम्ब्डा मीटरसाठी (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारं) आणि स्पीडुइनोसारख्या खुल्या, म्हणजे आतला तक्ता स्वतः बदलता येणाऱ्या, ईसीयूसाठी. चार लाखांच्या मानानं हा खर्च फारच थोडा. प्रत्येक चाचणीची नोंद ठेवायची: भार, आरपीएम, लॅम्ब्डा, एक्झॉस्टचं तापमान. नोकरीच्या मुलाखतीत गाडीच्या फोटोपेक्षा ही वही जास्त बोलते, असं माझं मत आहे.

डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगचा प्रवेश घ्यावा, मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइलला. पंढरपूरला आणि सोलापुरात मेकॅनिकलची सोय आहे, पुणं झेपत असेल तर उत्तम. कॉलेज निवडताना एकच चौकशी आवर्जून करा: तिथल्या मुलांचा बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या, स्वतः गाडी बनवून उतरायच्या विद्यार्थी स्पर्धांचा संघ आहे का? गाडी बनवण्याची त्याची हौस तिथं कायद्यात राहून, दुसऱ्यांच्या पैशानं भागेल. सोबत मॅटलॅब-सिम्युलिंक (गणित आणि नियंत्रणाची प्रतिकृती करायचं सॉफ्टवेअर) आणि कॅन बस (गाडीतल्या संगणकांची आपसात माहिती देण्याघेण्याची तार) यांची ओळख करून घेऊ द्या. गॅरेजात ही दोन्ही शिकवत नाहीत आणि कॅलिब्रेशनच्या जाहिरातीत दोन्ही मागतात. पुण्यात वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणारी एआरएआय संस्था आहे, एव्हीएल आणि एफईव्हीसारख्या इंजिन-विकासाच्या कंपन्या आहेत, वाहन कंपन्या तर आहेतच. डिग्री लगेच जमणार नसेल तर डिप्लोमावर वर्षभराची अप्रेंटिसशिप विद्यावेतनासह करता येते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचंही तुम्ही विचारलंत. तिथला अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम रसायनाच्या बाजूचा आहे, इंजिनाची ओढ असलेल्या या मुलाला तो जुळणार नाही.

इथेनॉलला भवितव्य आहे का? पंपावर २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल आलंच आहे आणि ऑगस्ट २०२३मध्ये फ्लेक्स-फ्युएल इनोव्हाचा नमुनाही दिल्लीत दाखवला गेला. पण त्याच वर्षी डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशानं बंधन आणलं होतं. तेव्हा कारखान्यांची झालेली धावपळ तुम्ही जवळून पाहिली असेल. धोरण असं फिरू शकतं, म्हणून मुलाला 'इथेनॉलवाला' होऊ देऊ नका. मोजमाप आणि नियंत्रणाचं काम त्याला आलं, तर उद्या सीएनजी, हायब्रिड किंवा विजेच्या मोटारीवरही त्याला हात घालता येईल.

कारखान्यात चिकटवण्याची घाई मात्र करू नका, दादा. तो दरवाजा तुमच्या ओळखीनं दोन वर्षांनीही उघडेल. शिकायचं वय तोवर थांबणार नाही.

या आठवड्यात त्याच्यासोबत बसा आणि हे पत्र त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा. मग त्याला म्हणा, प्रकल्पाचं एक पानी टिपण लिही: कुठलं इंजिन, कुठली मिश्रणं, काय मोजणार, कुठल्या सरांच्या हाताखाली. ते टिपण आणि पाचव्या सेमिस्टरपर्यंतची गुणपत्रकं मला पाठवा, म्हणजे कुठल्या कॉलेजांचे पर्याय भरायचे ते आपण प्रवेश फेरीच्या आधी ठरवू.