घरातले फोटो हलतात

प्रश्न : नव्या डीएसएलआरसोबत १८-५५ची लेन्स आली आहे. बाहेरचे फोटो छान येतात, पण घरी बारशाला काढलेले सगळे हलले. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असूनही असं का?

उत्तर : स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरचं माणूस हललं तर त्याचा उपयोग नाही. घरात उजेड कमी, म्हणून ऑटोवर शटर १/१५ सेकंदापर्यंत उघडं राहू शकतं. तेवढ्यात बाळाने हात हलवला की फोटो गेलाच!

कॅमेऱ्यावरची मोडची डायल ‘S’वर (कॅननमध्ये ‘Tv’वर) आणा, म्हणजे शटरचा वेग तुम्हाला ठरवता येतो. तो १/१०० ठेवा. १/१०० अशासाठी, की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान केलं तर फोटोत पट्टे उमटू शकतात. मग ऑटो आयएसओ (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) चालू करून कमाल मर्यादा ३२०० द्या. दाणे थोडे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला दुरुस्त होत नाही.

झूम मात्र टाळा. या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, १८ला (झूम न करता) एफ ३.५ असतं, ५५ला (पूर्ण झूमवर) एफ ५.६. आकडा वाढला की भोक लहान होतं, म्हणजे झूम केल्यावर उजेड जवळजवळ अडीचपट कमी मिळतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. तरीही अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकला किंवा ‘लो’ दिसलं, तर आयएसओची मर्यादा ६४०० करा.